जोधपूरहून आणलेली जिप्सी

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या अंकात दोन ओळींची बातमी होती: मिशनने जोधपूरहून एक जुनी मारुती जिप्सी विकत घेतली. ती वाचून बऱ्याच जणांनी फोन केले, काहींनी पत्रे लिहिली. प्रश्न दोनच होते. मुंबई इतकी जवळ असताना राजस्थानात जायची काय गरज होती? आणि घ्यायचीच होती, तर नवी का घेतली नाही? प्रश्न रास्त आहेत. पैसा तुमच्या अर्पणाचा आहे, तेव्हा तो कुठे गेला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी मिशनच्या गाड्या सांभाळतो, जोधपूरलाही मीच गेलो होतो. म्हणून उत्तर द्यायचे काम माझ्याकडे आले आहे.

आधी गाडी कशासाठी लागते ते सांगतो. आपले मुख्य केंद्र डहाणूच्या किनाऱ्याजवळ आहे, पण काम आहे पूर्वेला डोंगरात, जव्हार आणि मोखाड्याकडच्या वारली, कोकणा, कातकरी आणि ठाकूर वस्त्यांमध्ये. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. तिच्यामुळे अनेकांचे जीव वाचले आहेत आणि तिच्या चालकांबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण ती डांबरी रस्त्यापर्यंत येते. डांबर संपते तिथून पाडा दोन किलोमीटरवर असतो, कधी पाच. मध्ये ओढा असतो, चिखल असतो, चढ असतो. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, तेवढे अंतर आजही अनेक ठिकाणी डोलीतूनच कापावे लागते. बांबूला चादर किंवा घोंगडी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा.

मार्काच्या शुभवर्तमानातील त्या पक्षाघाती मनुष्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. त्यालाही चौघांनीच उचलून आणले होते. आमच्या पाड्यांवर ती गोष्ट सांगितली की कोणाला समजावून द्यावी लागत नाही. तिथल्या प्रत्येक पुरुषाने कधी ना कधी डोलीला खांदा दिलेला आहे. आपली गाडी त्या चौघांचे ओझे थोडे हलके करते. पाड्यापासून डांबरापर्यंत, एवढेच तिचे काम. तिथून पुढे १०८ आहे.

आता आधीच्या गाडीचे काय झाले ते. गेल्या श्रावणात एका पाड्यावरून पहिलटकरीण घेऊन येताना ओढ्याच्या चढावर मागच्या बाजूला मोठा आवाज झाला आणि गाडी एका अंगाला बसली. पाट्याचा हँगर जिथे चॅसिसला जोडलेला असतो, तिथले लोखंडच फाटले होते. इंजिन उत्तम, टायर नवे, रंगही बरा. पण चॅसिसची ती पट्टी आतून गंजून बिस्किटासारखी झाली होती. पावसात तिच्या दिराने आणि पाड्यावरच्या माणसांनी तिथेच बांबू तोडून डोली केली आणि दीड तास चालत तिला रस्त्यावर आणले. प्रभूची कृपा, बाई सुखरूप, मुलगीही सुखरूप. पण त्या दिवशी आम्हा सर्वांना एक गोष्ट कळली. अशा वाटेवर गाडीचे इंजिन बंद पडले तर ते दुरुस्त करता येते. चॅसिस गेले की गाडी गेली.

चॅसिसचे लोखंड का गेले? लोखंडाला गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात. मीठ असले की काम फार झपाट्याने होते. किनाऱ्यावरच्या हवेत मिठाचे बारीक कण असतात, ते पत्र्यावर बसतात. मिठाचा स्वभाव ओल ओढून घेण्याचा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते स्वतःच पाझरू लागते, पावसाचा थेंब पडायचीही गरज नसते. म्हणजे समुद्राजवळ उभी असलेली गाडी रात्रभर नुसती उभी राहूनही गंजते. त्यात जव्हार-मोखाड्याचा पाऊस, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर. लाल चिखल चॅसिसच्या पोकळीत शिरतो, पाणी निघून जायची भोके बुजतात आणि आत ओल दिवाळीपर्यंत टिकते. गंज आतून सुरू होतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतले काम बरेचसे झालेले असते.

तरीही आम्ही आधी जवळच शोधले. वसईपासून अलिबागपर्यंत सहा गाड्या पाहिल्या. सोबत आमचा मेकॅनिक होता. पाड्यावरचाच मुलगा, आयटीआय शिकलेला, आज मिशनच्या गाड्यांचा डॉक्टर. तो गाडीकडे गेल्यावर आधी बॉनेट उघडत नाही, थेट खाली झोपतो. हातात छोटी हातोडी, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खिशात लोहचुंबक. हातोडीने चॅसिसवर टकटक करत जायचे. चांगले लोखंड खणखणीत बोलते, गंजलेले बद्द वाजते. चुंबक दाराच्या खालच्या कडेवर फिरवायचा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि गाडीच्या पोटाला ताजा काळा रंग दिसला, की तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबायचा. एका गाडीत तो काळ्या रंगातून मुठीपर्यंत आत गेला. मालकाचा चेहरा उतरला. आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

सहापैकी दोन गाड्या कधीतरी पुराच्या पाण्यात बसलेल्या होत्या. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहायचा. वरचे सगळे धुता येते, बेल्टच्या आतल्या टोकाला मात्र गाळाची रेघ राहते.

काहींनी सुचवले, दिल्लीकडे घ्या. तिथे १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून जुन्या गाड्या स्वस्तात निघतात. कोणी म्हणाले, लष्कराच्या लिलावातली घ्या. पण लिलावातल्या गाडीची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते आणि ती डोंगरात किती राबली आहे हे सांगणारा मालक समोर नसतो. आम्हाला तो मालकच हवा होता. गाडी कुठे राहिली, काय काम केले, हे सांगणारा माणूस.

जिप्सीच का, तेही थोडक्यात सांगतो. ही गाडी १९८५ मध्ये भारतात आली आणि २०१९ पर्यंत निघत होती. शिडीसारखे मजबूत चॅसिस, चारही चाकांना पाटे, १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन. वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात रुतली तरी सहा माणसे ढकलून काढतात. बसायला कडक आहे, हे खरे. पण मागच्या बाकांच्या मध्ये गादी टाकून रुग्णाला आडवे नेता येते. लष्कराने आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षे वापरल्यामुळे सुटे भागही मिळतात आणि दुरुस्ती साध्या हत्यारांनी होते. नवी चार चाकांवर जोर घेणारी गाडी आज दहा लाखांच्या वर जाते. एवढ्या पैशांत दोन पाड्यांवरचा आरोग्यसेविकांचा आणि बालवाडीचा खर्च कित्येक महिने चालतो. नवी गाडी वाईट असे मी म्हणत नाही. पण तीही याच हवेत, याच चिखलात उभी राहणार होती.

जोधपूरला आपल्याच मंडळीतले एक कुटुंब नोकरीनिमित्त राहते. त्यांना आम्ही सांगून ठेवले होते. फेब्रुवारीत त्यांनी कळवले की ओसियांकडच्या एका ढाणीवर शेतकऱ्याची २०१२ ची जिप्सी विकायची आहे. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, आपल्या पाड्यासारखीच. आम्ही आधी फोटो मागवले. बाहेरून चमकणाऱ्या गाडीचे नव्हे. चटया उचलून खालचा पत्रा, चारही पाट्यांचे हँगर, दारांच्या तळकडा, काचेच्या चौकटीचे कोपरे, बॅटरीखालचा पत्रा. त्यांच्या मुलाने गाडीखाली झोपून मोबाइलवर बावीस फोटो काढून पाठवले. त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

मार्चमध्ये मी आणि आमचा मेकॅनिक सूर्यनगरी एक्सप्रेसने गेलो. पावसाळ्याआधी कागदपत्रे पुरी व्हायची, तर मार्चच्या पुढे जाऊन चालणार नव्हते. जोधपूर भागात वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे तेवढा जुलैच्या एका आठवड्यात होतो.

पण कोरडा मुलुख म्हणजे निर्धोक, असे मानून आम्ही गेलो नव्हतो. राजस्थानातही मिठाचे प्रदेश आहेत. सांभर, डीडवाना, पचपदरा ही तर मिठाचीच गावे. तिथे आगरावर राबलेली गाडी आपल्या किनाऱ्यावरच्या गाडीसारखीच गंजते. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच विचारला, "बाबूजी, गाडी कधी पचपदऱ्याकडे कामाला होती का?" ते हसले. म्हणाले, "बाजरी, मूंग और घर के लोग, इसने और कुछ नहीं ढोया." सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला साफा. मुलगे शहरात गेले, आता गाडी चालवणारे कोणी नाही.

मेकॅनिक नेहमीप्रमाणे वाळूत झोपला. वीस मिनिटे हातोडीचा आवाज येत होता आणि प्रत्येक टकटक घंटीसारखी होती. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत वाळू होती आणि तोंडावर हसू. मला एवढेच म्हणाला, "दादा, चॅसिसवर कंपनीचा रंग आहे अजून."

मग आम्ही वाळूतच चार चाकांचा जोर लावून पाहिला. हे पाहायचे तर वाळू-मातीतच पाहावे. कोरड्या डांबरावर चार चाके जोडून वळण घेतले, की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि ताण आतल्या दात्यांवर येतो. लो गिअर लागला, सुटला, ट्रान्स्फर केसचा आवाज सरळ होता.

वाळवंटाने गाडीचे काहीच खाल्ले नव्हते असे नाही. गंज नसला तरी ऊन आणि धूळ आपला वाटा घेतात. रबराचे सगळे बुश तडकलेले होते. होज पाइप कडक झाले होते. टायरची नक्षी खोल होती, पण बाजू उन्हाने चिरल्या होत्या. जड पाण्यामुळे रेडिएटरमध्ये क्षार साचले होते आणि पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्ये बारीक वाळू गेली होती. आम्ही हे सगळे कागदावर लिहून बाबूजींसमोर ठेवले. त्यांनी यादी वाचली, खरी असल्याचे मान्य केले आणि किंमत तेवढी उतरवली. व्यवहार ३,४०,००० रुपयांना ठरला. रबर, टायर, बेअरिंग बदलता येतात. चॅसिस बदलता येत नाही. सगळा हिशोब या एका वाक्यात आहे.

आता कागदपत्रे. तुमच्यापैकी कोणी परराज्यातून गाडी घेणार असेल तर हे उपयोगी पडेल. गाडीवर कर्ज नसल्याची नोंद, थकीत दंड नसल्याची खात्री, विमा आणि पीयूसी चालू असणे हे पैसे देण्याआधी पाहावे. मालकीबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या लागतात. राज्य बदलायचे, तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतो. त्या फॉर्मसाठी चॅसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात. गंजाने तो नंबर खाल्ला असेल तर ठसा उमटत नाही आणि धडधाकट इंजिनाची गाडीही कागदोपत्री अडकते. आमच्या गाडीचा ठसा शाळेतल्या मुलाने नाणे घासून काढावा इतका स्वच्छ आला.

प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आम्ही जोधपूरलाच थांबलो. तिथल्या एका मंडळीने राहायला खोली दिली आणि रविवारी उपासनेनंतर आमच्यासाठी प्रार्थना केली. त्यांनी पाड्यांविषयी विचारले, आम्ही सांगितले. निघताना एका वृद्ध बहिणीने दोन चादरी दिल्या, रुग्णांसाठी म्हणून. त्या आज गाडीत आहेत.

परतीचा रस्ता पाली, सिरोही, आबू रोड, पालनपूर, अहमदाबाद, वडोदरा, सुरत आणि वापी असा, सुमारे ९०० किलोमीटर. होज पाइप आणि पट्टा जोधपूरलाच बदलले होते. ताशी साठाच्या पुढे गेलो नाही, दोन मुक्काम केले. भरूच ओलांडल्यावर हवा बदलली. अंगाला घाम चिकटू लागला, आणि मेकॅनिक म्हणाला, "दादा, आता हिची काळजी सुरू."

त्याचे म्हणणे खरे आहे. कोरड्या देशातून आणलेली गाडी ओल्या देशात आपोआप तशीच राहत नाही. म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, ही गाडी किनाऱ्यावरच्या मुख्य केंद्रात उभी राहणार नाही. ती आत, डोंगरातल्या उपकेंद्रात छपराखाली राहील. मिठापासून दूर आणि पाड्यांच्या जवळ, दोन्ही कामे एकदमच झाली. दुसरी, पावसाळ्याआधी चॅसिसच्या पोकळ्यांत गंजरोधक मेण फवारले आहे आणि दर वर्षी ते पुन्हा फवारायचे आहे. तिसरी, चिखलातून आल्यावर त्याच दिवशी गाडीचे पोट साध्या पाण्याने धुवायचे आणि पाणी जायची भोके तारेने मोकळी करायची. हे काम उपकेंद्राच्या वसतिगृहातली दोन मोठी मुले मेकॅनिककडून शिकली आहेत. आता तीच त्याला आठवण करून देतात.

खर्च असा. गाडी ३,४०,००० रुपये. दोघांचा प्रवास, मुक्काम, परतीचे पेट्रोल आणि टोल मिळून २१,००० पेक्षा थोडे कमी. टायर, बुश, रेडिएटर, बेअरिंग आणि गंजरोधक काम ५२,०००. महाराष्ट्राचा कर आणि नोंदणीचे शुल्क वेगळे. त्या पावत्याही इतर पावत्यांबरोबर कार्यालयात ठेवल्या आहेत, कोणीही येऊन पाहू शकतो. गाडीवर आता एमएच ४८ चा क्रमांक आहे. २०२७ मध्ये तिला १५ वर्षे पुरी होतील, तेव्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागेल. चॅसिस असेच राहिले तर त्या तपासणीची आम्हाला चिंता नाही.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात कसर आणि जंग यांची आठवण करून दिली आहे. लहानपणी मला वाटायचे, ते फक्त श्रीमंतांसाठी सांगितले आहे. गाड्या सांभाळताना कळते की लोखंड कितीही चांगले असो, जंग त्याला गाठणारच. आपण फक्त त्याला उशीर करतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? गाडीसाठी नव्हे. त्या उशिराच्या वर्षांत जी माणसे सुखरूप डांबरापर्यंत पोहोचतील, त्यांच्यासाठी. या पावसाळ्यात सप्टेंबरअखेरपर्यंत जिप्सीने एकोणीस जणांना रस्त्यापर्यंत आणले. त्यांतल्या सात बाळंतिणी होत्या. एका आजोबांना उशीर झाला होता, ते रुग्णालयात वारले. त्यांच्या मुलाने दुसऱ्या आठवड्यात येऊन गाडी धुवायला मदत केली.

अजून असे पाडे आहेत जिथे जिप्सीही जात नाही. तिथे चौघांचे खांदेच लागतात आणि लागत राहतील. त्या पाड्यांसाठी आम्ही आता कॅनव्हासची, पट्टे असलेली स्ट्रेचर करून घेत आहोत, म्हणजे निदान रुग्ण घसरणार नाही आणि खांद्यांना बांबू रुतणार नाही.

शेवटी तीन विनंत्या. उपकेंद्रातल्या आणखी एका तरुणाला गाडी चालवायला शिकवायचे आहे, कारण आज चालक एकच आहे आणि तोही माणूस आहे. त्याच्या प्रशिक्षणाचा आणि परवान्याचा खर्च कोणी उचलला तर बरे होईल. दुसरे, गाडीत आणि पाड्यांवर ठेवायला स्वच्छ जुन्या चादरी हव्या आहेत. आणि तिसरे, रात्री पावसाचा जोर वाढला की अंथरुणावर पडल्या पडल्या क्षणभर या पाड्यांची आठवण करा. त्या वेळी कोणीतरी ओढ्याच्या काठावर उभे राहून आमच्या गाडीच्या दिव्यांची वाट पाहत असण्याची शक्यता असते. त्यांच्यासाठी आणि चालकासाठी प्रार्थना करा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.